तो आवाज

माझी खोली पूर्वी खेळाच्या सामानाची होती.
मे उजाडला की अजूनही भिंतीतून
जुन्या रबराचा, घामट जाळ्यांचा वास येतो.
दारावरची पाटी तीन भाषांत आहे,
अरबीतली मला अजून धड वाचता येत नाही.
मुलं म्हणतात, टिश्यूवाली खोली.

सोहारमध्ये साडेसहाला बसगाड्या येतात.
मी फाटकाशी उभी राहून चेहरे वाचते,
म्हणजे तसं दाखवते. खरं तर बूट बघते.
ज्याची नाडी लोंबतेय आणि ज्याला फिकीर नाही,
तो बरा आहे.
ज्याने ती दोनदा आवळून गाठ मारलीय,
त्याला तिसऱ्या तासाला बोलावून घेते.

उमैर परकार, आठवी ब.
वर्गशिक्षिकेची चिठ्ठी: लक्ष नसतं. खडू खातो.
मी खडूचं विचारलं नाही.
तीन बुधवार तो
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसला,
एसी घरघरत राहिला,
माझ्या वहीत तारखेखाली काही नाही.

चौथ्या बुधवारी म्हणाला,
मॅम, दिस क्लॉक…
आणि मग, जिभेचा पाय घसरावा तसा,
ह्या घड्याळ चार मिंटा मागं हाय.

इंग्रजीत निघालेलं वाक्य दाभोळच्या खाडीत उतरलं.
तीन वर्षांत या खोलीत
माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं.
तुला कसं रे कळलं, मी विचारलं,
माझाही सूर आपोआप चिपळूणला जाऊन आला.

अब्बा रातचो उठून बसतो, तो म्हणाला.
अंधारात फोन बघतो. मी मोजतो किती वेळ.
कंपनीनं पाच महिने पगार दिला नाय.
अम्मीला म्हायत नाय.
तुमी सांगू नका.

तुमी सांगू नका.
माझ्या लोखंडी कपाटात
हे एकच वाक्य सगळ्यात जास्त साठलंय,
मल्याळममध्ये, तेलुगूत, मोडक्या हिंदीत,
एकदा नुसत्या मान हलवण्यात.
किल्ली एकच, ओळखपत्राच्या दोरीला.
नियम मला पाठ आहे:
जिवावर बेतत असेल तर सांगायचं.
पण बाप रात्री फोनच्या उजेडात बसतो
आणि तेरा वर्षांचा मुलगा मिनिटं मोजतो,
याला छापील फॉर्मात रकाना नाही.
मी 'झोप अपुरी' असं लिहिलं.

माझा निहारही आठवीतच. तुकडी अ.
कॉरिडॉरमध्ये तो मला मॅडम म्हणतो, नजर न देता,
तसं आमचं ठरलंय.
त्या रात्री आमटी वाढताना मी विचारलं,
आज कसं वाटलं दिवसभर?
त्याने चमचा खाली ठेवला.
आई, तो आवाज नको काढू.
कुठला?
खोलीतला.

मग मी माझा आवाज शोधत बसले.
ओट्यावर नव्हता, गॅलरीत नव्हता,
दूर रिफायनरीची ज्योत तेवढी फडफडत होती.
दहाच्या सुमाराला पलंगावर ओला टॉवेल दिसला
आणि मी अशी ओरडले
की शेजारच्या सुधा नायरांनी टीव्ही बारीक केला.
निहार हसला.
हां, हा, म्हणाला.

मार्चमध्ये दाखल्यांची यादी आली, एकोणीस नावं.
कारण: पालकांची बदली.
उमैरच्या नावापुढेही तेच छापलं होतं,
आणि मी सही केली.

शेवटच्या दिवशी तो न बोलावता आला.
अम्मीला समजलं, म्हणाला. ती रडली नाय.
तिनं बांगड्या विकल्या आन तिकिटं काढली.
तिला आधीच म्हायत होता सगला.
मग खुर्चीवर चढला, बुटांसकट,
घड्याळ काढून चार मिनिटं पुढे केलं,
बाहीनं काच पुसली
आणि गेला.
नाडी सुटलेली होती. मी सांगितलं नाही.

आता ते पुन्हा मागे पडतंय,
दोन मिनिटं असतील.
मी हात लावलेला नाही.

आज फाटकाशी सहावीतली एक नवी मुलगी उतरली,
एकेका बुटाला तीन तीन गाठी.
घंटेला चार मिनिटं आहेत.
खोलीत अजून सहा.